खिशातील जुने खेळ (७) : धबधब्याची फिर्याद

खेळ हव्या त्या क्षणी गोठवून ठेवणाऱ्या ‘सेव्ह स्टेट’विषयी आज लिहिण्याचे मी कबूल केले होते, परंतु सांगलीच्या एका वाचकांचे पत्र मध्येच असे दाखल झाले, की तो विषय आठवडाभर तहकूब करणे भाग आहे. चित्र दुप्पट, तिप्पट अशा पूर्णांक पटीनेच वाढवावे, हा माझा पूर्वीचा उपदेश शिरोधार्य मानून त्यांनी आपल्या ६४० बाय ४८० ठिपक्यांच्या हँडहेल्डवर ‘सॉनिक द हेजहॉग’ लावला. मूळचे ३२० बाय २२४चे चित्र बरोबर दुप्पट होऊन, वर-खाली सोळा-सोळा ओळींची काळी पट्टी सोडून, आरशासारखे लखलखीत उमटले. आणि ग्रीन हिल झोनमधील धबधब्याच्या जागी त्यांना तुरुंगाच्या खिडकीचे गज दिसले! मामांनी दुबईहून आणलेल्या सेगाच्या मेगा ड्राइव्हवर याच पाण्याआडून मागचा खडक दिसत असे, हे त्यांना पक्के स्मरते. जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा एम्युलेटर चुकतो की स्मृती, असा त्यांचा सवाल आहे.

दोघेही निर्दोष आहेत. सदोष होती ती यंत्रापासून टीव्हीपर्यंत जाणारी तार, आणि तो धबधबा त्या दोषाच्या आधारानेच वाहत होता.

१९९१ साली हा खेळ निघाला तेव्हा सेगाच्या त्या यंत्रापाशी ५१२ रंगांचा संग्रह होता खरा, पण दोन रंगांचे अर्धपारदर्शक मिश्रण करण्याची सोय नव्हती. ठिपका एक तर पाण्याचा, नाही तर खडकाचा. म्हणून पाण्याची एक उभी रेघ, तिच्याशेजारी एक मोकळी, पुन्हा एक पाण्याची, अशी मांडणी करण्यात आली. कॉम्पोझिट तारेत प्रकाश आणि रंग एकाच वाटेने जात असल्यामुळे इतके बारीक भेद शेवटपर्यंत टिकत नसत. शेजारचे ठिपके एकमेकांत विरघळत, आणि यंत्राला जे मिश्रण साधत नव्हते ते वाटेतच परस्पर होऊन जाई.

म्हणजे कैफियत द्यायची ती मीच. एम्युलेटर रुजवात घालतो ती यंत्राच्या दप्तराशी. त्यातील अक्षर न् अक्षर तो जुळवून देतो, परंतु ते अक्षर दिवाणखान्यापर्यंत पोचताना शाई कशी फुटत असे, याची नोंद त्या दप्तरात नाही. मी मात्र ‘स्वच्छ’ आणि ‘अस्सल’ हे दोन शब्द गेले दोन आठवडे समानार्थी समजून वापरीत आलो.

१९८९च्या गेम बॉयवर हाच प्रकार काळाच्या परिमाणात घडतो. त्याचा पडदा इतका मंद, की सेकंदाला सुमारे साठ चित्रांपैकी एकाआड एक चित्रात एखादी आकृती दाखवली, तर ती लुकलुकण्याऐवजी धूसर, पारदर्शक भासे. आजच्या चपळ पडद्यावर ती निखळ लुकलुकते. या लुकलुकीवरून पडदा सदोष ठरवून मी एकदा एक हँडहेल्ड दुकानदाराला परत केला होता, आणि त्या भल्या गृहस्थाने निमूटपणे पैसे मोजून दिले होते.

उपाय सोपे आहेत. एम्युलेटर चालवणाऱ्या ‘रेट्रोआर्च’मध्ये मेगा ड्राइव्हसाठी ‘जेनेसिस प्लस जीएक्स’ हा कोअर, म्हणजे एम्युलेटरचा गाभा, वापरीत असाल, तर त्याच्या पर्यायांत ‘ब्लार्ग एनटीएससी फिल्टर’ शोधून ‘कॉम्पोझिट’ निवडावे आणि, लिहिताना हात अडखळतो, पूर्णांक पट बंद करावी. गेम बॉयसाठी ‘गँबाटे’ या कोअरमधील ‘इंटरफ्रेम ब्लेंडिंग’ चालू करावे. चित्र किंचित मळकट होईल, होऊ द्यावे. सांगलीकरांना मामांच्या घरचा खडक पुन्हा दिसला की नाही, तेवढे मात्र त्यांनी अवश्य कळवावे. त्या दुकानदाराचे पैसे चुकते करण्याची मुदत केव्हाच उलटून गेली आहे. निदान ही एक तक्रार तरी मला निकालात काढता यावी.