कोर्टाची पायरी (भाग ४) : मते मागणारे न्यायाधीश

मागच्या भागात अमेरिकेच्या संघीय न्यायाधीशांची नेमणूक पाहिली. सामान्य अमेरिकी माणसाची गाठ मात्र पडते ती काउंटी कोर्टाशी. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. दर राज्याची तऱ्हा वेगळी, म्हणून आज फक्त फ्लोरिडाचे पाहू.

तिथे ६७ काउंट्या. घरमालकाने डिपॉझिट अडकवले, वाहतूक पोलिसाने पावती फाडली, भाडेकरूने घर सोडले नाही, तर प्रकरण इथेच येते. किरकोळ फौजदारी गुन्हेही इथेच. दिवाणी दाव्याची मर्यादा २०१९पर्यंत १५ हजार डॉलर होती, आता ५० हजार आहे.

आपल्याकडे कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश एमपीएससीची परीक्षा देऊन येतो. फ्लोरिडात परीक्षा नाही, निवडणूक आहे. ५ वर्षे बारचा सदस्य असलेला वकील उभा राहू शकतो. ४० हजार किंवा त्याहून कमी वस्तीच्या काउंटीत तर ५ वर्षांचीही अट नाही. पक्षाचे नाव लावायचे नाही. मुदत ६ वर्षे. मध्येच जागा रिकामी झाली, तर न्यायाधीशपदासाठी नावे सुचवणाऱ्या आयोगाच्या यादीतून गव्हर्नर नेमणूक करतात.

आता खरा पेच. मते मागायची तर प्रचार आला, प्रचाराला पैसा आला. हिल्सबरो काउंटीत लॅनेल विल्यम्स-यूली या वकील काउंटी न्यायाधीशपदासाठी उभ्या राहिल्या. २००९मध्ये त्यांनी देणगी मागणारे पत्र स्वतःच्या सहीने मतदारांना धाडले. फ्लोरिडात उमेदवाराने स्वतः पैसे मागायला बंदी आहे, त्यामुळे कारवाई झाली. प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१५मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी बंदी कायम राहिली. मला हा निकाल पटतो. उद्या ज्याच्यापुढे उभे राहायचे, त्याने आज हात पसरला तर कोणता वकील नाही म्हणेल? पण बंदी अर्धीच आहे. उमेदवाराची समिती पैसे गोळा करू शकते आणि देणगीदाराला आभाराचे पत्र उमेदवार स्वतः लिहू शकतो!

इथून वर जायला ज्येष्ठतेची शिडी नाही. वरच्या सर्किट कोर्टासाठी पुन्हा निवडणूक लढवायची किंवा गव्हर्नरची नेमणूक मिळवायची. जमैकात जन्मलेल्या रेनाथा फ्रान्सिस २०१७मध्ये मायामी-डेड काउंटीच्या न्यायाधीश झाल्या, पुढच्याच वर्षी सर्किट कोर्टात गेल्या. २०२०मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर त्यांची निवड झाली, पण बारची १० वर्षे पुरी झाली नव्हती म्हणून ती अडली. २०२२मध्ये त्या तिथे पोचल्या. असा वेग विरळाच.

बाकी बहुतेकांचा प्रवास संथ असतो आणि त्यात निवडणूकही दर वेळी होतेच असे नाही. विद्यमान न्यायाधीशाविरुद्ध कोणी अर्जच भरला नाही, तर त्याचे नाव मतपत्रिकेवर येत नाही, तो निवडून आल्याचे धरले जाते. मतदाराचा अधिकार इथे नुसता कागदावर उरतो आणि या पद्धतीतला हा सर्वांत मोठा दोष आहे.

पुढील भागात : इंग्लंडचे काउंटी कोर्ट, जिथे न्यायाधीश निवडणूक लढवत नाहीत.