किडनीच्या मांजराला कोरडे दाणे हवेतच का?

किडनीचा जुना आजार असलेल्या मांजराने वाटी हुंगून मान फिरवली, तर त्याला नखरे म्हणू नका. मळमळ किंवा तोंडातले व्रणही असू शकतात. कोरड्या दाण्यांत पाणी जेमतेम १० टक्के, ओल्या खाण्यात ७५ ते ८०. लघवीवाटे सतत पाणी गमावणाऱ्या जिवाला, त्यातून अमरगोळच्या एप्रिलच्या उन्हात, ओलंच बरं. दाण्यांनी दात स्वच्छ राहतात म्हणाल, तर साध्या दाण्यांचा तो फायदा फार थोडा. पाऊच महाग पडतात, हे मात्र खरं. मग किडनीच्या पथ्याचेच दाणे कोमट पाण्यात भिजवून लगेच द्या. वासाने भूक चाळवते. नुसतं चिकन कायमचं नको, त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. कांदा-लसूण तर विषच. पण पथ्यापायी उपाशी ठेवू नका: दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर यकृतात चरबी साचू लागते. एक दिवस तोंड लावलं नाही, की डॉक्टर गाठा.