सोळा जणांचा एक सूर

उरणजवळच्या द्रोणागिरी किल्ल्यावर पोर्तुगीज काळातल्या चर्चचे अवशेष आहेत. पाश्चात्त्य संगीत आपल्या किनारपट्टीवर उतरलं ते चर्चच्याच दारातून. गोव्यात गावोगावच्या चर्चशाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत आणि अनेकांच्या हाती व्हायोलिन देत. कागद बघून वाजवणारी ही पोरं मोठी होऊन पोटासाठी मुंबईला आली. हॉटेलांत वाजवू लागली, नाचाच्या बँडमध्ये शिरली आणि शेवटी सिनेमाच्या वाद्यवृंदात स्थिरावली. वाद्यवृंदातला व्हायोलिनवादक ही काय चीज आहे, हे समजून घ्यायला मुंबईसारखी दुसरी जागा नाही.

पहिला प्रश्न साधा आहे. एकच ओळ वाजवायला इतकी माणसं कशाला? मोठ्या सिम्फनी वाद्यवृंदात पहिल्या गटात साधारण १६ आणि दुसऱ्या गटात १४ व्हायोलिनं असतात. आवाज वाढावा म्हणून, असं वाटतं. पण हिशेब तसा नाही. एकाच्या जागी सोळा वाजले तर पातळी जेमतेम १२ डेसिबलनं वाढते आणि कानाला ती दुपटीहून थोडी जास्त वाटते. खरा फरक पडतो पोतात. व्हायोलिनला पडदे नसतात, त्यामुळे सोळा बोटं नेमक्या एकाच ठिकाणी कधीच पडत नाहीत. प्रत्येकाचा कंपही किंचित वेगळा. या बारीक फरकांतूनच तो भरदार, तकतकीत आवाज तयार होतो. मात्र फरक रेसभर वाढला की आवाज बेसूर. या चिंचोळ्या पट्टीत आयुष्यभर राहायचं, हीच ती नोकरी.

सूर झाला कानाचा भाग. गज डोळ्यांना दिसतो आणि तिथे शिस्त आणखी कडक. गज मुठीकडून टोकाकडे ओढला तर वजन आपोआप पडतं. टोकाकडून मुठीकडे नेताना स्वर वाढवत नेणं सोपं जातं. म्हणून ठोस मात्रेवर शक्यतो खाली, तिच्या आधीच्या स्वरावर वर. पण संगीतकार सगळं लिहून ठेवत नाही. ते ठरवतो पहिल्या खुर्चीवरचा प्रमुख, म्हणजे कॉन्सर्टमास्टर. त्याच्या खुणा सगळ्यांच्या कागदावर उतरतात, त्याही पेन्सिलनं, कारण उद्या दुसरा कंडक्टर आला की खोडायच्या असतात. एका स्टँडवर दोघे बसतात. पान उलटायचं ते आतल्या बाजूच्यानं. तेवढा वेळ बाहेरचा ओळ तुटू देत नाही. वाचायला क्षुल्लक वाटतं, पण सगळ्यांनी एकदम पान उलटलं तर ऐन भरात संगीतच थांबेल!

हिंदी सिनेमात या शिस्तीला मुंबईचा वेग मिळाला. संगीतकार चाल पेटीवर गाऊन दाखवायचा आणि अरेंजर ती ऐकून प्रत्येक वाद्याचा कागद लिहायचा. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतले व्हायोलिनांचे दाट थर सेबॅस्टियन डिसोझा यांच्या हातचे. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस स्वतः व्हायोलिनवादक आणि शिक्षक. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात गुरूचं नाव गुंफलं, तेव्हा कुठे ते देशभर पोचलं. गटात बसणाऱ्या बाकीच्यांची नावं श्रेयनामावलीतही नसत.

काम शिफ्टवर, मोबदला श्रेणीनुसार. गायक आणि सगळा ताफा एकाच वेळी वाजवायचा, एकाच टेकमध्ये. मागच्या रांगेतला गज घसरला की गाणं पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे कागद समोर आल्या आल्या अचूक वाजवणारा, ज्याला 'साइट रीडिंग' म्हणतात, तोच टिकायचा. प्रभाकर जोगांसारखा वादक याच दुनियेत वावरला, सुधीर फडक्यांच्या साथीला बसला, आणि पुढे 'गाणारं व्हायोलिन' म्हणून एकटा श्रोत्यांसमोर आला. ही वाट फार थोड्यांना मिळाली. ऐंशी-नव्वदच्या दशकांत सिंथेसायझर आला, ट्रॅक वेगवेगळे रेकॉर्ड होऊ लागले आणि पन्नास माणसांचे हॉल रिकामे झाले.

आज हे पेशानं करायचं तर मुंबईत मुख्य दार एकच: नरिमन पॉइंटच्या एनसीपीएतला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया, स्थापना २००६. त्यात कायमचे भारतीय वादक मोजके. हंगामात परदेशी वादक येऊन संख्या भरते. २०२४च्या जानेवारीपासून द्रोणागिरीला लोकल आहे, तेव्हा इथून व्हायोलिनची पेटी घेऊन एनसीपीएपर्यंत जाणं अशक्य राहिलेलं नाही. अवघड आहे ती त्याआधीची दहा-पंधरा वर्षं, रोजच्या कित्येक तासांची. जगभरात निवड चाचणीला बहुधा मोझार्टच्या कन्चेर्टोचा एक भाग आणि वाद्यवृंदातले अवघड तुकडे वाजवायला सांगतात; रिचर्ड स्ट्राउसच्या 'डॉन ह्वान'चं पहिलं पान त्यात हमखास. अनेक ठिकाणी उमेदवार पडद्याआड असतो, म्हणजे परीक्षकाला फक्त आवाज कळावा.

आणि मग वय. वाद्य डाव्या खांद्यावर, कानाच्या अगदी खाली. त्यामुळे व्हायोलिनवादकाच्या डाव्या कानावर जास्त मारा होतो. मान आणि खांदे तर ठरलेलेच. मुंबईचे मेहली मेहता (जन्म १९०८) या पेशाची जवळजवळ सगळी वळणं चालून गेले. १९३५मध्ये त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. १९४५मध्ये, घरात लहान मुलं असताना, इव्हान गालामियान यांच्याकडे शिकायला न्यूयॉर्क गाठलं. स्वतःचा वाद्यवृंद चालवलेला माणूस पुढे मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात बार्बिरोलींच्या हाताखाली खुर्चीवर बसला, मला यात कमीपणा नाही, कस दिसतो. अमेरिकेत आधी चौकडीत वाजवलं आणि १९६४मध्ये, पंचावन्न ओलांडल्यावर, लॉस एंजेलिसमध्ये तरुणांचा अमेरिकन यूथ सिम्फनी काढला. मुलगा झुबिन तोवर जगप्रसिद्ध होऊ लागला होता. वडील मात्र नव्वदीपर्यंत पोरांना बसवून गज एका दिशेनं चालवायला शिकवत राहिले.