यादवी युद्धातील मृत्यू आणि सैनिकाची साक्ष : वॉटकिन्स व बिअर्स

देशांतर्गत युद्धाला मराठीत ‘यादवी’ म्हणतात. महाभारताच्या मौसलपर्वातील यादवांचा परस्परसंहार या शब्दामागे उभा आहे. मारणारा आणि मरणारा एकाच घरचे, हा अर्थ त्यात आपोआपच येतो. अमेरिकेतील यादवी युद्धाचे (१८६१–६५) साहित्य वाचताना हा अर्थ ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते. या युद्धातील सैनिकमृत्यूंची संख्या दीर्घकाळ सुमारे ६,२०,००० मानली जाई. जनगणनेच्या आधारे २०११ साली सुमारे ७,५०,०००, तर २०२४ साली सुमारे ६,९८,००० असे अंदाज मांडले गेले. यांतील बहुतेक मृत्यू शस्त्राने नव्हे, तर रोगराईने झाले. संख्याच अशी अनिश्चित असताना सैनिकाचे गद्य मृत्यूची नोंद कशी करते, हा प्रश्न तुलनाकारापुढे येतो.

या दृष्टीने दोन निवेदने शेजारी ठेवता येतात. टेनेसीचा सॅम वॉटकिन्स दक्षिणेच्या सैन्यात शिपाई होता; अँब्रोज बिअर्स उत्तरेच्या नवव्या इंडियाना पलटणीत भरती होऊन पुढे भूमापन अधिकारी झाला. शायलो (१८६२), चिकामॉगा (१८६३) आणि केनेसॉ पर्वत (१८६४) या रणभूमींवर दोघेही परस्परविरुद्ध बाजूंनी होते. वॉटकिन्सच्या ‘को. एच’ या आठवणी १८८१–८२ मध्ये गावच्या वृत्तपत्रातून क्रमशः आल्या. बिअर्सचा शायलोवरील लेखही १८८१ चाच.

वॉटकिन्सचे मोजमाप म्हणजे त्याची तुकडी. आरंभीच्या १२० जणांपैकी शरणागतीच्या वेळी सात उरले, असे तो सांगतो. सेनापतींचा इतिहास इतरांनी लिहावा, आपण केवळ शिपायाने पाहिलेले सांगू, ही त्याची भूमिका आहे. त्यामुळे उपासमार, अनवाणी कूच, फरारी सैनिकांना दिलेला देहदंड यांना त्याच्या कथनात लढाईइतकेच स्थान मिळते. वीस गुलामांच्या मालकाला सक्तीच्या भरतीतून सूट देणाऱ्या १८६२ च्या कायद्याने शिपायांचा विश्वास उडाला, हेही तो नोंदवतो. विनोद आणि शोक त्याच्या गद्यात लगोलग येतात. वृत्तपत्रीय कथनाच्या सैल घडणीला ते मानवते.

बिअर्सची नजर भूमापकाची आहे. उतार, ओढे, अंतरे तो काटेकोरपणे सांगतो आणि त्याच अलिप्ततेने वणव्यात होरपळलेली प्रेतेही दाखवतो. मेंदू उघडा पडलेल्या एका जखमी सैनिकाला यातनामुक्त करावे की नाही, हा प्रसंग तो हळहळीविना सांगतो. ‘चिकामॉगा’ (१८८९) या कथेत तर रांगणाऱ्या जखमी सैनिकांना एक मूकबधिर मूल खेळगडी समजते. येथे साक्षीदारच अर्थ लावण्यास असमर्थ आहे.

एकाकडे आत्मीयता, दुसऱ्याकडे अलिप्तता. परंतु वीरमरणाच्या गौरवभाषेवरील अविश्वास दोघांना जोडतो. तथापि दोघांच्या मौनाचीही तुलना व्हावयास हवी. युद्धाच्या मुळाशी असलेली गुलामगिरी या लेखनात कडेला राहते. उत्तरेच्या सैन्यातून लढलेल्या सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिकांचे मृत्यू त्याच्या केंद्रस्थानी येत नाहीत. शिपायाची साक्ष अधिकृत इतिहासातील उणीव भरून काढते. पण कोणाचा मृत्यू शोक करण्याजोगा मानला गेला, याची मर्यादाही तीच उघड करते. यादवीच्या साहित्याचे वाचन या दोन्ही अंगांनी झाले तरच ते पुरे म्हणता येईल.