पर्यावरणपूरक घर महागच पडतं का?

‘पर्यावरणपूरक घर हे पैसेवाल्यांचं काम’ हा समज जितका पक्का, तितकाच चुकीचा. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात कित्येक दशकं बांधली ती स्वस्त घरं. त्यांनी रुजवलेल्या रॅट ट्रॅप बाँडमध्ये वीट आडवी न ठेवता कडेवर उभी लावतात, त्यामुळे भिंतीच्या पोटात पोकळी राहते. विटा जवळपास पाव हिश्शाने कमी लागतात, सिमेंट वाचतं आणि पोकळीतल्या हवेमुळे उन्हाची धग आत पोचायला वेळ लागतो. गवंड्याला सवय नसेल, तर सुरुवातीचे थर जवळ उभं राहून लावून घ्यावेत.

उकाड्यावर एसी हाच इलाज, असंही आपण धरून चालतो. नागपूर-अकोल्याकडे वरच्या मजल्यावर मे महिन्यात रात्री उशिरा छताला हात लावून पाहा. दिवसभर तापलेला स्लॅब तेव्हाही उष्णता खाली सोडत असतो आणि एसी त्याच्याशीच झुंजत राहतो. म्हणून आधी गच्चीला पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा रंग द्यावा. पश्चिमेच्या खिडकीला सावली हवी ती बाहेरून, छज्ज्याची किंवा बांबूच्या चिकाची. आतल्या पडद्यापर्यंत ऊन पोचलं, म्हणजे ते घरात आलेलंच असतं. एसी 18 वर ठेवला की खोली लवकर गार होते, हेही खरं नाही. साध्या एसीचा कॉम्प्रेसर 24 वरही त्याच वेगाने चालतो. 18 वर तो लवकर थांबत नाही, इतकंच. तापमान एका अंशाने वाढवलं तर सुमारे 6 टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो.

पावसाचं पाणी साठवायची किंवा जमिनीत मुरवायची गोष्ट निघाली की लोक म्हणतात, ‘आमच्या गच्चीवर असं किती पाणी पडणार?’ पुण्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस होतो. म्हणजे 100 चौरस मीटर गच्चीवर 70 हजार लिटर! वाया जाणारं वगळलं तरी 50 हजार हाती लागतात. मात्र पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यावं आणि फिल्टर दरवर्षी साफ करावा. गाळाने बुजलेला शोषखड्डा कुणाच्याच कामाचा नाही.

सर्वांत घातक समज म्हणजे जुनं पाडून नवं ‘ग्रीन’ बांधावं. सिमेंटसाठी चुनखडी भाजताना खुद्द दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, भट्टीचं इंधन कितीही स्वच्छ असो. उभी भिंत वाचवली, तर हे सगळंच टळतं. फक्त जुन्या माती-चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवू नये. आतली ओल कोंडते आणि पोपडे सुटतात. तिथे चुन्याचाच गिलावा करून घ्यावा.