टर्बोच्या तेलाची परतीची वाट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

खोपोलीच्या शिळफाट्यावरून बोरघाटाकडे निघालेल्या मालट्रकला खंडाळ्यापर्यंत सुमारे पाचशे मीटरची उंची गाठावी लागते, आणि टर्बो नसलेल्या जुन्या डिझेल इंजिनाचा दम याच चढणीवर उखडतो. अशा इंजिनाला बाहेरून टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबणारे यंत्र, जोडण्याचा मोह त्यामुळेच होतो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने 1905 साली या कल्पनेचे पेटंट घेतले होते. कारखान्यातूनच टर्बो घेऊन आलेल्या इंजिनात तेलाच्या परतीची सोय मुळात केलेली असते; नंतर टर्बो जोडताना मात्र ती बहुधा ऑइल पॅनमध्ये, म्हणजे गॅरेजच्या बोलीत चेंबरमध्ये, नवे भोक पाडून करावी लागते. हवेच्या पाइपांवर बारकाईने मेहनत घेणारेही हे काम उरलेल्या जागेत उरकतात, आणि बिघाडाची सुरुवात तेथे होते.

तेल टर्बोत दाबाने जाते, तेव्हा ते दाबानेच बाहेर पडेल आणि परतीची नळीही बारीक चालेल, हा सर्वांत रुजलेला समज आहे. प्रत्यक्षात तेलाचा दाब बेअरिंगच्या अरुंद फटींत संपतो, मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकणारा शाफ्ट त्या तेलाला घुसळून फेस आणतो, आणि हा फुगलेला फेस केवळ स्वतःच्या वजनाने खाली उतरतो. म्हणून आत जाणारी नळी काही मिलिमीटरची असली, तरी परतीच्या नळीला आतून साधारण 16 ते 19 मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक व्यास लागतो. शिवाय ती शक्य तितकी सरळ खाली जावी लागते, कारण मध्ये एक जरी आडवा किंवा वर चढणारा बाक आला, तरी तेल तेथे तुंबते.

टर्बोने तेल टाकले म्हणजे त्याचे सील गेले, हा दुसरा समज मालकाला विनाकारण खर्चात पाडतो. बहुतेक टर्बोंत रबरी सील नसतेच. तेथे पिस्टन रिंगसारख्या बारीक धातूच्या रिंगा असतात, आणि बाहेरच्या वायूचा दाब व आतली रिकामी पोकळी यांच्या भरवशावर त्या तेल अडवतात. पोकळी तेलाने भरली की त्यांचा इलाज चालत नाही, आणि नवाकोरा टर्बो बसवला तरी तोही तेल टाकतो. हे तेल हवेच्या बाजूने सिलिंडरमध्ये गेले, तर डिझेल बंद करूनही इंजिन त्या तेलावरच बेफाम धावत सुटू शकते, म्हणून या गळतीकडे काणाडोळा करणे जिवावर बेतणारे आहे. टर्बो उतरवण्याआधी नळीचा उतार तपासावा, ब्रीदर, म्हणजे चेंबरमधला वायू बाहेर सोडणारी वाट, चोंदलेला नाही ना ते पाहावे, आणि इंजिनाच्या झिजलेल्या पिस्टन रिंगांमधून वायू खाली चेंबरमध्ये उतरतो का, ज्याला मिस्त्री बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, याची खात्री करून घ्यावी.

चेंबर म्हणजे तेलाची टाकीच, तेव्हा भोक कोठेही चालेल, असेही मानले जाते. भोकाचे तोंड तेलात बुडाले, तर हलका फेस जड तेलात शिरू शकत नाही. त्यात चेंबरमध्ये पाण्याच्या 10 सेंटिमीटर स्तंभाएवढा किरकोळ दाब साठला, तरी तो नळीतले तेल 11 सेंटिमीटरहून अधिक वर ढकलतो. घाटात आणखी एक भर पडते. 70 सेंटिमीटर लांबीच्या सपाट चेंबरमध्ये, 20 मीटरला 1 मीटर अशा चढणीवर, मागच्या टोकाची तेलाची पातळी मध्यभागापेक्षा पावणेदोन सेंटिमीटरने वर येते. सपाट जमिनीवर जेमतेम पातळीवर ठेवलेले मागच्या बाजूचे भोक त्यामुळे टर्बोवर सर्वाधिक भार असतानाच बुडू शकते. भोक पातळीच्या बरेच वर घ्यावे, पण क्रँकशाफ्टने उडवलेले तेल थेट तोंडात शिरेल अशा जागीही ते नसावे.

ड्रिलच्या बिटाला ग्रीस लावले की कीस आत पडत नाही, म्हणून चेंबर न उतरवताच भोक पाडले जाते. ग्रीस बराचसा कीस धरून ठेवते, सगळा नव्हे. आणि तेलाचा पंप फिल्टरच्या आधी येत असल्याने पंपाच्या तोंडावरच्या जाळीतून निसटलेला कण प्रथम पंपातच जातो. शिवाय चेंबरचा पत्रा इतका पातळ असतो की त्यात पाडलेले आटे धरत नाहीत. चेंबर उतरवून, जाड निप्पल वेल्ड करून, गास्केटची कड उष्णतेने वाकली नाही ना हे सपाट पृष्ठावर तपासून आणि रॉकेल भरून झिरप पाहून मगच तो पुन्हा चढवणे, हीच खरी रीत आहे.

टर्बो बसवला की ताकद आपोआप वाढते, हेही खरे नाही. डिझेल न वाढवता हवा वाढली तर लाभ थोडा होतो, आणि डिझेल वाढवले तर मुळात त्यासाठी न घडवलेल्या पिस्टनवर उष्णतेचा भार येतो. शिवाय मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, त्यामुळे चेंबरला ड्रिल लावण्याआधी परिवहन कार्यालयात चौकशी करणे आवश्यक ठरते.