गाडीच्या पाठीवरची सायकल

ज्या वाहनात बिछाना, चूल, पाण्याची टाकी आणि शौचकूप एवढा सारा संसार मावतो, त्याने आपल्या पाठीवर आणखी दोन सायकली का वाहाव्यात, असा प्रश्न आपल्याकडील वाचकास पडणे स्वाभाविक आहे. परंतु जर्मनी, हॉलंड, इटली या मुलखांतून मोटरहोमने हिंडणाऱ्यांचा परिपाठ पाहिला म्हणजे त्याचा उलगडा होतो. सात मीटर लांबीचे हे चालते घर जुन्या शहरांच्या अरुंद गल्ल्यांत शिरू शकत नाही, वाहनतळाच्या तोंडाशी आडवा टाकलेला दांडा त्यास अडवितो, आणि एकदा वीज-पाण्याची जोडणी करून बिऱ्हाड मांडले की केवळ पाव आणण्यासाठी ते सारे पुन्हा आवरणे कोणासही नको असते. म्हणून गाडी गावाबाहेर मुक्कामाला, आणि माणसे सायकलवर. पासाऊहून व्हिएन्नापर्यंत डॅन्यूबच्या काठाने जाणाऱ्या सायकलमार्गासारख्या वाटा ज्या प्रदेशात आहेत, तेथे तर पुष्कळांच्या लेखी मोटरहोम हीच सायकलीची सोय ठरते.

ही सायकल बांधावी कोठे, हा मात्र नाजूक मामला आहे. युरोपात सर्वांत रूढ असलेला प्रकार म्हणजे इटलीतील फियामा या कारखान्याच्या 'कॅरी-बाइक'सारखी ॲल्युमिनियमच्या नळ्यांची चौकट, जी गाडीच्या मागील भिंतीस बोल्टांनी जखडलेली असते. ही भिंत पुष्कळदा पातळ पत्रा, फोम आणि लाकडी पट्ट्या यांची बनलेली असल्यामुळे बोल्टांची भोके नीट बुजविली नाहीत तर पाणी झिरपून आतील लाकूड कुजते, आणि भिंत मऊ लागेपर्यंत मालकास त्याचा पत्ता नसतो.

याहून दुर्लक्षित गोष्ट तरफेची. मागच्या ॲक्सलच्या पलीकडे टांगलेले ओझे आपल्या वजनाएवढाच भार घालून गप्प बसत नाही. दोन ॲक्सलमधील अंतर ४ मीटर आणि मागच्या ॲक्सलपासून चौकटीचे अंतर अडीच मीटर धरू. २५ किलोच्या दोन विजेच्या सायकली आणि १४ किलोची चौकट मिळून ६४ किलो वजन झाले, तर मागच्या ॲक्सलवरील भार १०४ किलोंनी वाढतो आणि पुढच्यावरील ४० किलोंनी घटतो. युरोपातील असंख्य मोटरहोम ज्या फियाट डुकाटोवर उभारलेली असतात तिची पुढचीच चाके गाडी ओढतात व वळवितात. तेव्हा ओल्या गवतावर ती जागच्या जागी फिरू लागली तर दोष सर्वस्वी गवताचा नसतो. साध्या परवान्याची ३५०० किलोंची मर्यादा पाळूनही मागच्या ॲक्सलची हद्द ओलांडली जाऊ शकते. काट्यावर संपूर्ण गाडीचे वजन करून समाधान मानणाऱ्यांनी प्रत्येक ॲक्सल वेगळा तोलावा. विजेच्या सायकलीची बॅटरी काढून गाडीच्या आत, पुढच्या बाजूस ठेवणे हा फुकटचा इलाज असून तो फार थोडे लोक करतात.

कायद्याची नजर असते ती निराळ्याच ठिकाणी. दिवे वा नंबरपाटी झाकली गेली तर ती मागे पुन्हा लावावी, हा दंडक ब्रिटन-जर्मनीत आहे. इटली व स्पेन येथे मागे डोकावणाऱ्या ओझ्यावर ५० सेंटिमीटर चौरसाचा तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा फलक लावावा लागतो, व तो नसल्यास दंड होतो.

अमेरिकेत शाळेच्या जुन्या पिवळ्या बसमध्ये घर थाटणाऱ्यांची अडचण अधिक चमत्कारिक आहे. त्या बसची शेपटी मागच्या चाकांपलीकडे लांबवर गेलेली, आणि तिच्या टोकाला बहुधा संकटकाळी बाहेर पडण्याचा दरवाजा. दोन इंची चौकोनी खोबणीत बसणारी सायकलचौकट तेथे लावली की नेमके तेच दार अडते. म्हणून बाजूला वळणारी चौकट घ्यावी लागते, जी आणखी जड. शिवाय खड्ड्यात चाक गेले की शेपटीचे टोक जोराने उसळते, त्यामुळे मोटारीच्या मागे वर्षानुवर्षे टिकणारी चौकट येथे मोडू शकते; कित्येक उत्पादक मोटरहोमच्या मागे आपला माल वापरण्यास साफ मनाई करतात. याच देशात सिॲटलच्या शहर बसगाड्या १९९० नंतरच्या दशकात उतारूंच्या सायकली पुढच्या बाजूस, चालकाच्या डोळ्यांसमोर वाहू लागल्या होत्या. स्वतःच्या बसला घर करणारे मात्र ती जागा क्वचितच निवडतात. दिव्यांचा प्रकाश आणि रेडिएटरचा वारा अडेल, ही धास्ती असते.

टपाचा मार्ग आपल्या एस. टी.ने उतारूंना परिचित करून दिला होताच. परंतु तेथे वर चढविणारा हमाल होता. तीन मीटर उंचीच्या मोटरहोमवर २५ किलोची सायकल साठीच्या जोडप्याने चढवावी, ही कल्पनाच निकालात काढावी हे बरे. प्रस्तुत लेखकाचे मत उंच पलंगाखालील बंदिस्त कोठीच्या, ज्यास तेथील लोक गॅरेज म्हणतात, तिच्या बाजूने आहे. तीही मागच्या ॲक्सलपलीकडेच असते, तरफ तिलाही सोडीत नाही. परंतु अंतर कमी पडते, पाऊस लागत नाही आणि चोरास कुलूप फोडावे लागते.

ज्यांच्यापाशी कोठी नाही त्यांच्यासाठी घडीची सायकल आहे. अँड्र्यू रिची यांनी १९७० नंतरच्या दशकात लंडनमधील आपल्या राहत्या जागेत घडविलेली ब्रॉम्प्टन, १६ इंची चाकांची व सुमारे १२ किलोंची, पलंगाखाली किंवा दोन आसनांमध्ये, म्हणजे दोन ॲक्सलांच्या दरम्यान ठेवता येते. डांबरी रस्त्यावर ती उत्तम चालते. खडीच्या वाटेवर तिची छोटी चाके हाडे खिळखिळी करतात, आणि डॅन्यूबचा संपूर्ण काठ तिच्यावरून पालथा घालण्याचा बेत असेल तर मोठ्या चाकांची सायकल मुक्कामाच्या ठिकाणी भाड्याने घेणे स्वस्त पडेल.